गृहिणीने वाचलेला ज्ञानार्णव

ज्ञानार्णव हा ग्रंथ माझ्यासाठी लिहिलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. आचार्य शुभचंद्रांच्या डोळ्यांपुढे जो वाचक होता तो मुनी होता. घर सोडलेला, पिंछी-कमंडलू हाती घेतलेला पुरुष. बायकांविषयी ग्रंथात एक अख्खं प्रकरण आहे, ते ब्रह्मचर्याच्या ओघात येतं आणि त्यात आमची जी काही संभावना केली आहे ती आजच्या कुठल्याही बाईला एका बैठकीत वाचवणार नाही. शेवटी-शेवटी शीलवान स्त्रियांना थोडं बाजूला काढून मान दिला आहे, पण तोवर जेवण करपलेलं असतं. बरं, बाई म्हणून नाही तर निदान गृहस्थ म्हणून तरी आत घेतील म्हणावं, तर तिथेही दार बंद. संसारात राहून ध्यान साधत नाही हे आचार्यांनी इतक्या ठासून सांगितलंय की त्यासाठी गाढवाच्या शिंगाचं उदाहरण दिलंय. ते एक वेळ दिसेल, पण हे नाही!

आमच्या स्वाध्यायात हा भाग वाचला त्या दिवशी आम्ही अकरा जणी होतो. बेळगावात दुपारी चारला ज्या बायका स्वाध्यायाला येतात त्यांनी सकाळपासून डबे भरलेले असतात, धुणी वाळत घातलेली असतात, सासऱ्यांच्या गोळ्या काढून ठेवलेल्या असतात. त्या अकराही जणींना ग्रंथकार सांगत होते, तुम्हांला हे जमणार नाही. आमच्यातल्या एक मावशी, वय ७८, चष्मा पुसत म्हणाल्या, ‘‘बरं, जमणार नाही. पण ऐकायला काय हरकत आहे?’’ आणि आम्ही पुढचं पान उलटलं.

टीका लिहायची तर ग्रंथाची ही बाजू झाकून चालणार नाही. आपल्याकडे आगमांवर, आचार्यांच्या ग्रंथांवर लिहिताना हात जोडून लिहिण्याची पद्धत आहे. हात मीही जोडते, पण जोडलेल्या हातांनी पान उलटता येत नाही. म्हणून वाचक म्हणून जे दिसलं ते लिहिते.

या ग्रंथाकडे मी वळले त्याला कारण पांडित्य नव्हतं. तीन वर्षांपूर्वी यजमानांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. ती चांगली झाली, ते आता रोज दोन मैल चालतात. बिघडले ते माझं. रात्री दोन-तीनच्या सुमाराला जाग यायची आणि मी त्यांचा श्वास ऐकत बसायची. श्वास नीट चाललाय असं वाटलं की छातीवर हात ठेवायचा, मग त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून काढून घ्यायचा. मग मुलाचा विचार, मग गॅसची टाकी, मग पुन्हा श्वास. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या मी घेतल्या आणि त्यांचा उपयोग झाला. हे मुद्दाम लिहिते, कारण ध्यानावर लिहिणाऱ्या पुष्कळ जणांना गोळ्यांचा उल्लेख कमीपणाचा वाटतो. मला वाटत नाही. पण गोळीने झोप येते, आणि जागेपणी मन कुठे ठेवायचं हा प्रश्न राहतोच.

त्या प्रश्नाचं पहिलं उत्तर आपल्या परंपरेत एका शब्दात आहे आणि तो शब्द ऐकून मी चकित झाले होते: आर्तध्यान. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ध्यानाचे चार प्रकार सांगितलेत. आर्त, रौद्र, धर्म्य आणि शुक्ल. म्हणजे काळजी हेसुद्धा ध्यानच! नको ते येऊन चिकटेल, हवं ते हातचं जाईल, दुखणं, आणि पुढच्या सुखाची हाव, हे आर्तध्यानाचे चार विषय. आजकाल आपण म्हणतो, मन भरकटतं, एकाग्र होत नाही. सूत्रकार उलट सांगतात. रात्री तीन वाजता माझ्याइतकं एकाग्र कोण होतं? एका श्वासावर सगळा जीव गोळा झाला होता. हवं ते जाईल, हा दुसरा प्रकार, तोही ते गेलेलं नसताना. तेव्हा मला एकाग्रता शिकवायला नको होती, ती होतीच. फक्त ती ठेवायची जागा बदलायला हवी होती. आणखी एक दिलासा त्याच अध्यायात आहे. आर्तध्यान सहाव्या गुणस्थानापर्यंत, म्हणजे मुनिपद घेतलेल्यांनाही होऊ शकतं असं सूत्र सांगतं. केशलोच केलेल्यांची ही गत, तर कुकर लावणाऱ्यांनी किती लाजायचं?

जागा बदलायची कशी, हे मात्र सूत्रात नाही. सूत्रं ती, नेमकं बोलून गप्प बसतात. ते काम शुभचंद्रांनी केलं. साधारण अकराव्या शतकातले हे दिगंबर आचार्य. त्यांच्याविषयी ते राजा भर्तृहरीचे भाऊ होते वगैरे ज्या कथा आहेत त्या कथा म्हणून गोड आहेत. आमच्याकडे पोथी आहे ती सोलापूरच्या जीवराज ग्रंथमालेची, हिंदी अनुवादाची. मूळ संस्कृत, मग हिंदी, मग आमच्यातली कुणीतरी मराठीत, मध्येच कानडीत समजावणार. बेळगावात ग्रंथ असाच पोचतो.

शुभचंद्रांविषयी माझा आदर वाढला तो प्राणायामाच्या प्रकरणानंतर. श्वास कसा भरायचा, कसा रोखायचा, कुठल्या नाकपुडीने काय फळ मिळतं, हे सगळं ते तपशिलाने सांगतात. वाचणारा वही-पेन काढून बसतो. आणि मग प्रत्याहाराकडे येताना म्हणतात की प्राणायामाने ढवळलेल्या मनाला स्वास्थ्य मिळत नाही. शब्द ‘स्वास्थ्य’ हाच आहे, मनाच्या संदर्भात. ज्या बाईचा सगळा आजारच श्वास मोजण्याचा आहे तिला ‘श्वासावर लक्ष द्या’ सांगणाऱ्यांनी हे वाचावं. मला किती जणांनी सांगितलं होतं! श्वासाकडे लक्ष गेलं की मला धडकीच भरायची. ज्यांना त्याने बरं वाटतं त्यांना वाटो. पण एक उपाय सर्वांना चालत नाही हे हजार वर्षांपूर्वी जाणणारा माणूस मला विश्वासाचा वाटला.

मग येतं पिंडस्थ ध्यान. त्याच्या पाच धारणा आहेत: पार्थिवी, आग्नेयी, मारुती, वारुणी आणि तत्त्वरूपवती. माझ्या मते हा या ग्रंथाचा सर्वांत सुंदर भाग आहे, आणि तो ध्यानाचा पाठ असण्याइतकाच कल्पनेचाही पाठ आहे.

पार्थिवीत सांगितलं आहे की मध्यलोकाएवढा क्षीरसमुद्र मनात आणा. आवाज नाही, लाट नाही. त्याच्या मध्यभागी जंबूद्वीपाएवढं, म्हणजे लाख योजनांचं, हजार पाकळ्यांचं सोनेरी कमळ. मध्ये मेरूसारखी कर्णिका. तिच्यावर शरदातल्या चंद्रासारखं पांढरं सिंहासन, आणि त्यावर कोण बसलंय? तुम्ही. देव नाही, गुरू नाही. इथे रचनाकाराचं कसब बघा. आधी डोळ्यांना मावणार नाही एवढं मोठं दाखवायचं, मग नजर मध्याकडे आणत-आणत शेवटी एका बसलेल्या माणसापाशी थांबवायची. काळजी याच्या बरोबर उलट वागते. ती एका श्वासापासून सुरू होते आणि पसरत-पसरत मुलाच्या नोकरीपर्यंत, म्हातारपणापर्यंत जाते. शुभचंद्र तिला उलट्या वाटेने घरी आणतात.

दुसरी धारणा आग्नेयी. बेंबीपाशी सोळा पाकळ्यांचं कमळ, पाकळ्यांवर अ पासून अः पर्यंत स्वर, मध्ये अर्हंचं बीजाक्षर. वर हृदयाशी आठ पाकळ्यांचं, खाली तोंड केलेलं कमळ, म्हणजे आपली आठ कर्मं. आता त्या बीजाक्षराच्या रेफातून, म्हणजे वरच्या रफारातून, आधी हळूहळू धूर निघतो. मग ठिणग्या. मग ज्वाळा. ती वरचं कमळ जाळते, मग बाहेरून त्रिकोणी अग्नी देहालाही जाळतो.

हा क्रम वाचून मी थांबलेच. आधी धूर, मग ठिणगी, मग जाळ. ज्याने कधी चूल पेटवली नाही तो कवी सरळ ज्वाळा लिहून मोकळा होतो. लहानपणी आमच्या अव्वाच्या मागे बसून मी बंब पेटताना बघितलाय. ओलसर शेणी आधी नुसती धुमसते, डोळ्यांत पाणी येतं, फुंकणीने फुंकून दम लागतो, आणि मग एकदम कडेने लाल होते. हा घर सोडलेला माणूस चूल विसरलेला नाही! आणि या धारणेचा शेवट तर त्याहून खरा आहे. आग कुणी विझवत नाही. जाळायला काही उरलं नाही म्हणून ती आपोआप, सावकाश शांत होते.

चिंतेने ग्रासलेल्या माणसाला सगळे सांगतात, ‘विचार करू नकोस.’ म्हणजे पाणी ओत. पाणी ओतलेल्या चुलीचा धूर किती वेळ घरात राहतो हे ज्यांनी सारवलंय त्यांना विचारा. शुभचंद्र पाणी आणतात, पण फार नंतर. मारुती धारणेत आकाश भरून वारा येतो आणि राख उडवून नेतो. मग वारुणीत ढग, इंद्रधनुष्य, विजा आणि मोत्यासारख्या टपोऱ्या थेंबांचा पाऊस. इथे स्वाध्यायात एकीने विचारलं, वाऱ्याने राख नेली ना, मग पाऊस कशाला? कुणी शास्त्राधार शोधेपर्यंत मघाच्या मावशींनी उत्तर दिलं, ‘‘राख चिकटते बाई.’’ या पाच धारणांवर मी बरंच वाचलंय, पण वारुणीवर याहून नेमकं भाष्य मला कुठे मिळालं नाही.

माझी तक्रार आहे ती या धारणांचं आज जे चाललंय त्याबद्दल. मन:शांतीच्या एका शिबिराला गेले होते, नाव कशाला घेऊ. मंद संगीत, गुळगुळीत आवाज. ‘तुम्ही निळ्याशार समुद्रात आहात, कमळावर बसला आहात, तुम्ही शांत आहात.’ ओळखलं मी, ही पार्थिवी! मी वाट बघत राहिले, आता धूर येईल, आता आग. आलीच नाही. वीस मिनिटांनी चहा. ग्रंथाचं नाव नाही, आचार्यांचं नाही. पण त्याचं मला तेवढं वाईट वाटलं नाही जेवढं पहिलं चित्र ठेवून बाकीची चार फाडल्याचं वाटलं. पार्थिवी ही बैठक आहे. बैठक घालून कुणी गाणं न म्हणताच उठावं तसं झालं. घाबरलेल्या मनाला नुसतं गोड चित्र फार वेळ पुरत नाही, कारण भीती तिथे बाजूला बसून वाट पाहत असते. आग्नेयीत त्या भीतीला आत घेतलं आहे. देह जळतो, आपला स्वतःचा. जे रात्री तीन वाजता नजर चुकवून दिसतं ते इथे समोर ठेवून, क्रमाने, बसून बघायचं. हे वगळलं तर उरतो तो दिवाणखान्यात लावायचा समुद्राचा फोटो.

अर्थात शिबिरवाल्यांच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. ज्याचं मन फारच नाजूक झालंय, ज्याला स्वतःला इजा करावीशी वाटते, त्याच्यापुढे देहदहनाचं चित्र मांडायचं नाही. तिथे डॉक्टर हवा, धारणा नको. कदाचित म्हणून त्यांनी आग काढली असेल. पण मग तसं सांगायला हवं होतं.

आणि या गोष्टी गृहस्थांच्या नाहीतच, असं कुणी म्हणालं तर? श्वेतांबर परंपरेत हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात याच पाच धारणा आहेत, आणि बाराव्या शतकातला तो ग्रंथ लिहिला गेला राजा कुमारपालासाठी. राज्य करणारा माणूस! त्याला लढाया होत्या, हिशेब होते, वारस कोण ही काळजी होती. माझ्या संसारापेक्षा त्याचा पसारा लहान नसावा. त्याच्या हाती हे कमळ देता आलं तर आमच्याही देता येईल. शुभचंद्रांशी माझा वाद मी हेमचंद्रांना साक्षीला घेऊन घालते.

आता कलेविषयी. ‘चित्र काढा, रंग भरा, मन शांत होईल’ हेही हल्ली घरोघर ऐकू येतं. २०१३ साली जोहाना बॅसफर्ड या स्कॉटिश चित्रकर्तीचं मोठ्यांसाठी रंगवायचं पुस्तक आलं, ते लाखांनी खपलं आणि मग आपल्याकडेही मंडलं रंगवायच्या वह्या पुस्तकांच्या दुकानात दिसू लागल्या. सुनेने मला एक दिली होती. या वह्यांना नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत, मी त्यांतली नाही. २००५ साली अमेरिकेत ८४ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता. आधी त्यांना थोडं अस्वस्थ केलं, मग काहींना मंडल रंगवायला दिलं, काहींना चौकटी-चौकटींची नक्षी, काहींना कोरा कागद. मंडल आणि चौकटी दोन्हींनी अस्वस्थता सारखीच उतरली, कोऱ्या कागदाने तशी उतरली नाही. मला यात दोन गोष्टी दिसतात. मंडलात काही गूढ शक्ती आहे म्हणून नव्हे, तर त्याला रेषा आहेत म्हणून ते उपयोगी पडतं. आणि ‘मुक्त व्हा, मनाला येईल ते काढा’ हा सल्ला घाबरलेल्या माणसाला देऊ नये. कोऱ्या कागदावर त्याचं तेच भूत उमटतं.

माझा स्वतःचा अनुभव वहीपेक्षा कसुतीचा. आमच्या भागातल्या बायका इरकली लुगड्यांवर ही घालत आल्या. छापा नाही, पेन्सिलची खूण नाही, कापडाचे धागे मोजून टाका घालायचा. गवंती नावाच्या टाक्यात सुई एकदा पुढे जाते, मध्ये-मध्ये जागा सोडत, आणि परतताना त्याच वाटेने येऊन त्या जागा भरते. दोन्ही बाजूंनी सारखं दिसायला हवं, गाठ मारायची नाही. धागा मोजताना श्वास मोजता येत नाही, एवढाच माझा साधा हिशेब होता. पण मग लक्षात आलं की जाताना सोडलेली जागा बघून पूर्वी माझा जीव उडायचा, आणि इथे ती मुद्दाम सोडायची असते. परतताना भरायची असते.

तरी कसुती म्हणजे ध्यान, हे काही मी म्हणणार नाही. हल्ली स्वयंपाक ध्यान, बागकाम ध्यान, फरशी पुसणं ध्यान. बायकांच्या कामाला असलं गोंडस नाव दिलं की ते काम वाटून घ्यायला नको, सोय होते! कसुतीने माझा हात शांत केला. हाताबरोबर मन तासभर गप्प बसलं. पण सुई ठेवली की काळजी जिथल्या तिथे असायची, कारण कसुतीत तिला कुणी काही विचारलेलंच नव्हतं. धारणेत विचारावं लागतं. फरक एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

कल्पनेने मोठ्या आकाराला आवरण्याची ही दृष्टी इथल्या कारागिरांतही होती असं मला वाटतं. किल्ल्यातली कमल बस्ती आम्हां बेळगावकरांना इतकी सवयीची की वर बघायचं राहून जातं. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात, १२०४ साली उभारलेली ही बस्ती. मूळनायक नेमिनाथ. मंडपात मध्यभागी उभं राहून मान वर केली की छतातून खाली उमललेलं दगडी कमळ दिसतं, ७२ पाकळ्यांचं. तीन काळांचे चोवीस-चोवीस तीर्थंकर, म्हणून बहात्तर. शुभचंद्रांचं कमळ आपल्या खाली आहे, हे डोक्यावर. पण नजर तशीच कडेकडून मध्याकडे ओढली जाते. रट्टांच्या कारागिरांनी ज्ञानार्णव वाचला होता असा दावा मी करत नाही. गाइडने केला तर विश्वास ठेवू नका.

ग्रंथाचा कमकुवत भाग मला पाचव्या धारणेत वाटतो. सप्तधातूंविरहित, पूर्णचंद्रासारखा निर्मळ आत्मा, सिंहासनावर, देवांनी पूजलेला. तत्त्व म्हणून हे शिखर आहे, पण चित्र म्हणून पहिल्या चारांसमोर फिकं पडतं. धूर, ठिणगी, राख, टपोरे थेंब यांना हात लावता येत होता. इथे पुन्हा ठरलेली विशेषणं येतात, चंद्र, सिंहासन, देवांची गर्दी. आमच्यातल्या निम्म्या जणींचं मन इथेच सटकतं आणि स्वयंपाकघरात जातं. दोष आमचा असेल. पण कवी म्हणून आचार्यांना जळणारं जितकं दिसलं तितकं उजळलेलं दाखवता आलं नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

कदाचित त्यांनाही ते ठाऊक असावं. कारण पिंडस्थानंतर पदस्थ, रूपस्थ करत ते रूपातीत ध्यानाला पोचतात आणि तिथे चित्रच सोडून द्यायला सांगतात. समुद्र नाही, कमळ नाही, अक्षर नाही. एवढं जपून रचलेलं सगळं स्वतःच्या हाताने पुसायचं. रांगोळी घालणाऱ्या बाईला यात नवल वाटू नये, तरी मला वाटलं. आमचा स्वाध्याय अजून पदस्थापाशीच आहे. गेल्या आठवड्यात पोथी ज्यांच्या घरी असते त्या गावाला गेल्या होत्या, म्हणून तेवढीच पानं पुन्हा वाचली. मी रात्री अजूनही कधीकधी तीनला उठते. पार्थिवी होते, आग्नेयीत धूर निघतो, आठ पाकळ्यांपैकी तीन-चार जळतात आणि तेवढ्यात झोप लागते. आचार्यांच्या हिशेबात याला ध्यान म्हणत नसणार.